आयटीआय, डीएसटी की थेट कंपनी? पडत्या दिवसांत कोण शिकवतं ते बघून ठरवा

दहावीचा निकाल लागला की आमच्या वर्कशॉपच्या दारात पालक येऊन उभे राहतात. "सर, दोन वर्षं आयटीआय करू दे, का सरळ चाकणला कंपनीत लावू? तिथं पहिल्या महिन्यापासून पैसे मिळतात म्हणे." मी फिटर ट्रेडचा निदेशक आहे. या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात कधीच देता आलं नाही. हाताला काम भरपूर असलं की सगळेच शिकवतात, तेव्हा तिन्ही वाटा सारख्याच दिसतात: नेहमीचा आयटीआय, डीएसटी (थोडं आयटीआयत, थोडं कंपनीत शिकणं) आणि थेट कंपनी. मंदी आली, टाळेबंदी लागली, कंपनीनं एक शिफ्ट कमी केली, की शिकवणारा खरा कळतो. म्हणून मी तुलना करतो ती त्याच दिवसांची.

आधी नेहमीची वाट. दोन वर्षं आयटीआय आणि पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एक वर्ष कंपनीत, एसटीत, महावितरणमध्ये किंवा रेल्वेच्या कारखान्यात. मार्च 2020 मध्ये आमची वर्कशॉपं बंद झाली. भारत स्किल्स पोर्टलवरची पुस्तकं आणि व्हिडिओ होते, त्यामुळे थिअरी आणि ड्रॉइंग कसंबसं पुढे गेलं. अडलं ते फायलिंग, म्हणजे कानशीनं धातू घासून मापात आणणं. एका मुलानं खिडकीत मोबाईल टेकवून वडिलांची विळ्याला धार लावायची कानस चालवून दाखवली. नवख्या हातात कानस डुलते, जॉबच्या, म्हणजे घासायच्या तुकड्याच्या, कडा उतरतात आणि मध्ये फुगवटा राहतो. ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून जॉब उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाश दिसतो आणि चूक कळते. मोबाईलच्या पडद्यावर ती फट मला दिसत नव्हती, आणि त्याचं मनगट धरून दाब कुठं द्यायचा हे दाखवता येत नव्हतं. त्या महिन्यांतली ती असहायता मी विसरलेलो नाही.

वर्कशॉप उघडल्यावर वीस मुलांच्या तुकडीचे दहा-दहाचे दोन गट केले, एक सकाळी, एक दुपारी. सक्ती होती म्हणून केलं, पण एकेका मुलाला व्हाइसवर (जॉब पकडायच्या शेगड्यावर) आणि लेथवर पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिळाला. पुढे नियम सैल झाले तरी फायलिंग मी लहान गटातच घेतो. बाहेर शिकाऊ उमेदवारी करत असलेल्यांना त्या काळात पूर्ण विद्यावेतन द्या, असं केंद्र सरकारनं कंपन्यांना कळवलं होतं. शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असल्याचा हा फायदा.

या वाटेचं दुखणंही सांगतो. पुष्कळ ठिकाणी यंत्रं जुनी आहेत, निदेशकांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, मुलांना खऱ्या अर्थानं दिसतं ते कंपनीत गेल्यावरच. दोन वर्षं घरी पगार येत नाही, हे शेतमजुराच्या घरात फार मोठं असतं. पण हातात राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र येतं, शिकाऊ उमेदवारीची परीक्षा पास झाली की दुसरं येतं, आणि दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचं दारही उघडं राहतं. रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत रेल्वेतच शिकाऊ उमेदवारी केलेल्यांसाठी 20 टक्के जागा असतात.

दुसरी वाट डीएसटी, म्हणजे दुहेरी प्रशिक्षण (ड्युअल सिस्टिम ऑफ ट्रेनिंग). जर्मनीच्या धर्तीवर 2016 पासून सुरू झालेली ही पद्धत आयटीआय आणि कंपनी यांच्यातल्या सामंजस्य करारावर चालते. थिअरी आणि पायाभूत काम आमच्याकडे, काही महिन्यांचं प्रत्यक्ष काम कंपनीत. जुन्या यंत्रांच्या दुखण्यावर मला हाच उपाय सर्वांत पटतो. एकदा एका कंपनीनं काम घटल्यावर आमची मुलं दुसऱ्याच महिन्यात परत पाठवली. आम्ही वेळापत्रक फिरवलं, राहिलेले जॉब वर्कशॉपमध्ये घेतले, कुणाचं वर्ष बुडालं नाही. परतायला घर असणं म्हणजे काय ते तेव्हा त्या मुलांना कळलं. मात्र करार कुणाशी आहे हे बघा. लहान कारखान्याशी असेल तर मुलं महिनोन् महिने पॅकिंगलाच उभी राहतात. मागच्या तुकडीतल्या दोन मुलांना भेटून विचारा, "कोणत्या मशीनवर होतास?" उत्तर यंत्राच्या नावानं आलं तर निर्धास्त प्रवेश घ्या.

तिसरी वाट थेट कंपनीत, बहुतेक वेळा एजन्सीमार्फत. इथले बदल सर्वांत वेगानं झाले. 2013 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं आणलेल्या नीम या कामावर शिकण्याच्या योजनेवर वाहन उद्योगात असंख्य मुलं उभी राहिली. 2022 च्या अखेरीस ती योजना बंद झाल्यावर एजन्सींनी मोर्चा राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेकडे वळवला, काहींनी विद्यापीठांशी जोडून घेऊन 'कमवा आणि शिका' पदविका सुरू केल्या. कागद बदलले. शिकवणं बदललं का, हे कंपनीनुसार आहे. चांगल्या कारखान्यात डोजो, म्हणजे सरावाची जागा, असतो; टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानं आवळायचा पाना) हातात देण्याआधी तिथं सराव करून घेतात. पण लाइनवर मुलगा वर्षभर एकाच स्टेशनवर राहतो. दाराचं रबर बसवायला शिकलेला मुलगा दुसऱ्या कारखान्यात नवखाच ठरतो, आणि लाइन थांबली की सर्वांत आधी घरी जातो.

पैशाचं बोलू. 2019 च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना 5,000 ते 9,000 रुपये होतं. सध्याचा दर करार करण्याआधी शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर बघून घ्या. प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनातला 25 टक्के वाटा, कमाल 1,500 रुपये, केंद्र सरकार देतं, आणि ऑगस्ट 2023 पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. खात्यात तो येत नसेल तर करार नोंदलाय का, हे पहिलं विचारा. नोंदलेल्या करारात कामावर इजा झाली तर भरपाई आहे, कंपनीच्या चुकीनं करार मोडला तरी आहे. शिकाऊ उमेदवार कायद्यानं कामगार नसतो, त्यामुळे पीएफची अपेक्षा ठेवू नका. आणि शेवटी नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही.

2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या तिन्हींत धरू नका. बारावीला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये मिळतात. अडलेल्या घराला तो मोठा आधार आहे. पण तिथून शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र मिळत नाही.

घर दोन वर्षं कळ काढू शकत असेल आणि जवळच्या आयटीआयत चांगला डीएसटी असेल, तर माझं मत सरळ त्याला. तो नसेल तर नेहमीचा आयटीआय, आणि नंतरचं शिकाऊ उमेदवारीचं वर्ष काही झालं तरी सोडू नका. "त्यापेक्षा आत्ताच कंत्राटात लागतो, चार हजार जास्त मिळतात," असं म्हणत गेलेली मुलं तीन-चार वर्षांनी परत येऊन मला विचारतात, "सर, आता परीक्षेला बसता येईल का?" तोवर बऱ्याच भरत्यांची वयोमर्यादा जवळ आलेली असते.

घरची चूलच अडली असेल तर थेट कंपनीत जा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त निघण्यापूर्वी एजन्सीकडून कराराचा नोंदणी क्रमांक आणि व्यवसायाचं (ट्रेडचं) नाव लिहून घ्या. तो कागद घेऊन कुठल्याही सरकारी आयटीआयत गेलात तर तिथला शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारा माणूस पाच मिनिटांत पोर्टल उघडून करार खरा आहे का ते दाखवेल.