सिल्व्हराडोचं क्राउन-पिनियन बदललं, ३.०८ चं ३.७३ केलं: एका पूर्ण सीझनचा अनुभव

डोंगरात ट्रेलर ओढायचा असेल, ट्रक जुना सहा गिअरवाला असेल आणि त्यात ३.०८ चा अॅक्सल असेल, तर त्यातलं क्राउन-पिनियन (इंजिनाकडून येणारी फिरकी चाकांच्या अॅक्सलला देणारी दातेरी चाकांची जोडी) बदलून ३.७३ चं घ्या. हा आकडा, म्हणजे रेशो, चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे होतात ते सांगतो: आकडा मोठा, तितकं त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि ओढ वाढते. खर्च बोचतो, पण माझ्या मते या गाडीवर केलेला हा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च आहे.

गाडी २०१२ ची शेवरोले सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटर व्ही-८, फोर बाय फोर. मागे भरलेला असताना साडेपाच हजार पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर. आम्ही डेन्व्हरला राहतो. पश्चिमेला ग्लेनवूड स्प्रिंग्स असो की मोआब, आय-७० हायवेने आयझेनहॉवर बोगद्यापर्यंतचा घाट चढावाच लागतो. बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे आणि चढ काही ठिकाणी ७ टक्क्यांपर्यंत जातो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते, म्हणजे कागदावरच्या ३१५ हॉर्सपॉवरपैकी वर पोचेपर्यंत २१० च्या आसपासच हाताशी उरते.

खरी अडचण गिअरच्या पायऱ्यांची होती. जॉर्जटाउनच्या आसपास ताशी ५५ मैलांना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन २,७५० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असायचं आणि ट्रेलर ओढवत नसे. गिअरबॉक्स दुसरा टाकायचा की एकदम ४,२५०, आणि गाडीत बोलणंही ऐकू येईना. थोडा चढ कमी झाला की पुन्हा तिसरा, मग परत दुसरा. या ये-जा मध्ये गिअरबॉक्सचं तेल २२० अंश फॅरनहाइटपर्यंत तापलेलं मी पाहिलंय.

आता त्याच जागी, त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३,३०० वर फिरतं आणि तिथेच टिकतं. बोगद्याआधीच्या शेवटच्या उभ्या टप्प्यात दुसरा गिअर अजूनही लागतोच. पण पूर्वी ४५ मैलांना ३,५०० आरपीएम मिळायचे आणि वेग हळूहळू ढासळायचा. आता ४,२०० मिळतात. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४,००० ला आहे, त्यामुळे वेग धरून राहतो. तेल २०० च्या आतबाहेर असतं. इंजिनाची ताकद एका हॉर्सपॉवरनेही वाढलेली नाही. ती जिथे आहे तिथे इंजिन ठेवता येतं, एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे.

उताराचा फायदा मी धरलाच नव्हता. सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना, जिथे ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रॅम्प केलेले आहेत, तिथे इंजिन ब्रेकिंग (अॅक्सलरेटर सोडल्यावर इंजिनच गाडीला आवरतं ते) आता स्पष्ट जाणवतं. ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागत नाही.

कामाविषयी. फोर बाय फोर असल्यामुळे पुढचं आणि मागचं दोन्ही बदलावं लागतं. रेशो वेगवेगळे ठेवून फोर-व्हील लावलं तर ट्रान्सफर केसची (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीची) वाट लागेल. दोन्ही मिळून अडीच हजार डॉलरच्या आसपास गेले. मागचं जुनं कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) नव्या क्राउनला चाललं. क्राउनला ४१ दाते, पिनियनला ११, म्हणजे ३.७३. मेकॅनिकने दात्यांना पिवळा रंग लावून क्राउन फिरवला आणि दाखवलं: रंग पुसल्याचा डाग दात्याच्या मधोमध हवा, टोकाला किंवा मुळाशी नको. पहिल्यांदा तो मुळाकडे सरकलेला होता, म्हणून त्याने पिनियन काढून शिम (जागा नेमकी करणारी पातळ चकती) बदलली आणि सगळं पुन्हा बसवलं. हा डाग तुम्हाला दाखवायला जो तयार नसेल त्याला काम देऊ नका. सेटिंग चुकलं तर अॅक्सल रडायला लागतो आणि क्राउन-पिनियन लवकर खलास होतं.

नंतर पहिले ५०० मैल ट्रेलर जोडायचा नाही. सुरुवातीला पंधरा-वीस मैल चालवून पूर्ण थंड होऊ द्यायचं, आणि ५०० मैलांनंतर गिअर ऑइल बदलायचं. माझ्या जुन्या तेलात बारीक चंदेरी चुरा होता, तो अपेक्षितच असतो.

या गाडीत स्पीडोमीटरसाठीचा वेग चाकांवर नाही तर अॅक्सलच्या आधीच मोजला जातो, म्हणून कॉम्प्युटरमध्ये नवा रेशो भरेपर्यंत ६० ला ७२-७३ दिसतात. ओडोमीटरही तितकाच पुढे पळतो. हे प्रोग्रॅमिंग गॅरेज करून देणार का, ते आधीच विचारून घ्या.

पेट्रोल: रिकामी गाडी हायवेला गॅलनमागे एखादा मैल कमी देते. ट्रेलरसकट पूर्वीसारखेच नऊ-दहा.

आणि हे नीट लक्षात घ्या: दारावरच्या स्टिकरवरची वजनमर्यादा याने वाढत नाही. फ्रेम, ब्रेक, चाकं तीच आहेत. मोठा ट्रेलर घ्यायचा म्हणून हा बदल करणार असाल तर करू नका, मोठा ट्रक घ्या. कॅन्सससारख्या सपाट भागात राहणाऱ्यांनाही मी आग्रह करणार नाही. दहा गिअरवाल्या नव्या ट्रकांमध्ये पायऱ्या मुळातच जवळजवळ असतात, त्यामुळे तिथे एवढा फरक पडणार नाही. आणि याच पिढीतला वापरलेला सिल्व्हराडो बघत असाल तर सौद्याआधी ग्लव्ह बॉक्समधलं कोडचं स्टिकर वाचा: जीयू४ म्हणजे ३.०८, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३. जीटी४ वाली गाडी थोडी महाग मिळाली तरी तीच घ्या.