लेझीमच्या पोरांना कोणता माहितीपट दाखवू?

गणपती महिन्यावर आले की आमच्या बोळात रात्री लेझीमचा सराव सुरू होतो. यंदा एका शनिवारी पोरांना वादकांवरचा माहितीपट दाखवायचं ठरलंय. दीड तासाच्या आसपासचे तीन काढलेत, दाखवायचा एकच.

पोरं जागची हलू नयेत एवढंच हवं असेल तर 'बिवेअर ऑफ मिस्टर बेकर' (२०१२). 'क्रीम' बँडचा ड्रमर जिंजर बेकर सुरुवातीलाच दिग्दर्शक जे बल्जरच्या नाकावर काठी हाणतो. "मारलं की बे त्यानं!" इथंच पोरं खूश. पुढं सहारा ओलांडून नायजेरियातल्या लागोसला गायक-वादक फेला कुटीकडे जाणं, पोलोचे घोडे, मोडलेले संसार. माणूस भरपूर कळतो, वाजवणं त्यामानानं थोडं. आणि आमच्यातल्या दोघा-तिघांना तापटपणा शिकवायची गरज नाही.

'टच द साउंड' (२००४) माझा स्वतःचा आवडता. स्कॉटलंडच्या तालवादक इव्हलिन ग्लेनीला लहानपणापासून ऐकू जवळपास येत नाही. ती अनवाणी उभी राहून थरथर अंगावर घेते. जर्मनीतल्या बंद कारखान्यात ती आणि गिटारवाला फ्रेड फ्रिथ वाजवतात, तेव्हा सोलापूरच्या माणसाला बंद मिलच आठवणार. पण संथ आहे हो. विसाव्या मिनिटाला मोबाईल निघतील. शिवाय टीव्हीच्या आवाजावर तो बघण्यात अर्थ नाही, डेकोरेशनवाल्याकडून मोठा बॉक्स आणावा लागेल.

राहिला 'इन्टँजिबल ॲसेट नंबर ८२' (२००८). ऑस्ट्रेलियाचा जॅझ ड्रमर सायमन बार्कर एक रेकॉर्डिंग ऐकतो आणि ते वाजवणाऱ्या किम सोक-चुल या कोरियन वादकाला सात वर्षं शोधतो. किम देवकार्यात वाजवणाऱ्या घराण्यातला. अशा घराण्यांना तिथं पिढ्यान् पिढ्या खालचं मानलं गेलं, आणि नंतर सरकारनं त्याच कलेला वारसा म्हणून ८२ वा क्रमांक दिला. हलगी कुणाच्या गळ्यात असते आणि मिरवणुकीनंतर तो कुठं जेवतो, हे ठाऊक असलेल्याला यात वेगळं समजवावं लागत नाही. वाटेत धबधब्यासमोर वर्षानुवर्षं एकट्यानं गळा घासलेला गायक भेटतो, आणि हात चालवण्याआधी श्वास कसा धरायचा ते शिकवणारा वादकही.

तो श्वासाचा तुकडा मी आमच्या हलगीवाल्या काकांना चहाच्या गाडीवर मोबाईलवर दाखवला. कागद पेटवून हलगी तापवत होते, नजर जाळावरच. मग म्हणाले, "परत लाव बघू." दुसऱ्यांदा बघताना टिपरू मांडीवर चालू होतं.

तेव्हा शनिवारी कोरियाचाच. खालच्या इंग्रजी ओळी पोरांना झेपणार नाहीत; मधेमधे थांबवून मराठीत मी सांगेन. काका पुढच्या खुर्चीवर. बेकरची काठी शेवटी पाच मिनिटं लावू, नाहीतर पुढच्या वेळी कुणी येणार नाही.