इस्लामाबादेतील भारताचा प्रतिनिधी : राजदूत की उच्चायुक्त?

राष्ट्रकुलातील, म्हणजे मुख्यतः एकेकाळच्या ब्रिटिश साम्राज्यातील देशांच्या संघटनेतील, देश एकमेकांकडे उच्चायुक्त नेमतात आणि इतर देशांकडे राजदूत पाठवतात. म्हणूनच पाकिस्तानातील भारताच्या सर्वोच्च प्रतिनिधीचे पदनाम दोनदा बदलले. १९४७ मध्ये दोन्ही देशांचा राजा एकच, म्हणजे ब्रिटनचा, होता, आणि राजाने स्वतःकडेच राजदूत पाठवण्यात अर्थ नसल्यामुळे श्रीप्रकाश हे तेव्हाची राजधानी असलेल्या कराचीत उच्चायुक्त म्हणून गेले. १९७१ च्या युद्धात संबंध तुटले, १९७२ च्या जानेवारीत पाकिस्तान राष्ट्रकुलातून बाहेर पडला, आणि १९७६ मध्ये संबंध पुन्हा जुळले तेव्हा के. शंकर बाजपेयी इस्लामाबादेत पोहोचले ते राजदूत म्हणून. १९८९ मध्ये पाकिस्तान राष्ट्रकुलात परतल्यावर जुने पदनामही परतले.

दर्जा, अधिकार आणि रोजचे काम दोन्ही पदांचे सारखेच. तरीही मला उच्चायुक्त हेच नाव अधिक जवळचे वाटते, कारण त्यात एका कुटुंबाची आठवण आहे. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे नेते आमच्या गोव्यात आग्वादच्या परिसरात जमले, तेव्हा पाकिस्तान त्यांत नव्हता. त्या परिषदेचे मुख्य समन्वयक नटवर सिंह मात्र आदल्याच वर्षापर्यंत इस्लामाबादेत राजदूत होते.

नावापेक्षा रिकामी खुर्ची अधिक बोलते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानने भारताचे उच्चायुक्त अजय बिसारिया यांना परत पाठवले, तेव्हापासून तेथील कारभार प्रभारी अधिकारी पाहतात. ५ मे २०२३ रोजी गोव्यातील बाणावलीत शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीत पाकिस्तानचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बिलावल भुट्टो पुढे आले, तेव्हा जयशंकर यांनी हस्तांदोलन न करता हात जोडले.