लाइट मेट्रो रोज वापरताना: वेग सोडा, फेऱ्या बघा

ऑफिसला जायला-यायला लाइट मेट्रो, म्हणजे दोन-चार डब्यांची लहान मेट्रो, वापरायला लागून आता बरेच महिने झाले. नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगते. दिवसा ही सेवा उत्तम आहे, रात्री साडेनऊनंतर जेमतेम आहे, आणि दोन्हींचं कारण एकच: गाडी दर किती मिनिटांनी येते. एसी, चकचकीत फलाट, घोषणांचा गोड आवाज हे सगळं त्याच्यापुढे दुय्यम.

वेगाच्या जाहिरातीला भुलू नका. गाडीचा कमाल वेग ताशी ८० किलोमीटर असला तरी स्थानकं किलोमीटरभर अंतरावर असतात. गाडी वेग घेते न घेते तोच ब्रेक लागतो, मग वीस-तीस सेकंद दारं उघडी. हे सगळं धरून सरासरी ताशी तीसेक किलोमीटर पडते. पहाटे मोकळ्या रस्त्यावर माझी स्कूटर याहून लवकर पोचते. पण सकाळी साडेनऊला स्कूटरवर मी किती वाजता पोचेन हे देवालाही सांगता येणार नाही. मेट्रोत ते मला सांगता येतं. वेळापत्रक मी आजवर उघडून पाहिलेलं नाही. गाड्या दर तीन मिनिटांनी असतील तर सरासरी दीड मिनिट थांबावं लागतं. एक गेली तर जाऊ दे, असं म्हणायची चैन परवडते. तरीही काही लोक धावतातच, आणि बंद होणाऱ्या दारात हात घालतात. त्यांच्याकडे पुढे येते.

फेऱ्यांबद्दल एवढा हट्ट का, ते साध्या हिशेबावरून कळेल. समजा एका गाडीत ३०० माणसं मावतात. दर दोन मिनिटांनी गाडी सोडली तर तासाला एका दिशेने ९,००० जण जातात. दीड मिनिटावर आणली तर १२,०००. तीच गाडी दर सहा मिनिटांनी सोडली की आकडा ३,००० वर घसरतो, आणि एवढे खांब, पूल, सिग्नल उभारून आपण एका चांगल्या बसमार्गाचं काम केलं असं होतं. मोठ्या मेट्रोला सहा-आठ डबे असतात. तिथे गाडी चार मिनिटांनी आली तरी फलाट रिकामा होतो. लाइट मेट्रोत डबे दोन ते चार. लहान गाडी, लहान स्थानक, अरुंद जागेतून वळणारा मार्ग, म्हणून बांधकामाचा खर्च कमी, आणि त्या बदल्यात फेऱ्या भरपूर, असा हा सौदा आहे. फेऱ्या कापल्या की प्रवाशाच्या हाती नुसती लहान गाडी उरते.

‘दर पाच मिनिटांनी’ असं फलकावर लिहिलेलं असलं तरी मी ते शब्दशः घेत नाही. दोन गाड्या पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आल्या तर सरासरी अडीच मिनिटं थांबावं लागतं. त्याच दोन गाड्या एक आणि नऊ मिनिटांच्या अंतराने आल्या तर तासाच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात, पण प्रवाशाचं सरासरी थांबणं चार मिनिटांच्या वर जातं, कारण बहुतेक माणसं त्या नऊ मिनिटांच्या खिंडारातच फलाटावर येतात. शिवाय उशिरा आलेली गाडी खच्चून भरते, म्हणून स्थानकावर जास्त थांबते, म्हणून अजून उशिरा होते. तिच्या मागची मात्र अर्धी रिकामी. आमच्या मार्गावर हे सर्रास होत नाही, पण संध्याकाळी सहाच्या सुमारास होतं. अशा वेळी फलाटावरच्या पाटीवर पुढची गाडी एक-दोन मिनिटांत दिसत असेल तर मी पहिली सोडून देते. चढायच्या आधी पाटी बघायची सवय लावून घ्या. बसायला जागा मिळण्याचा याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

आता रात्रीचं. साडेनऊनंतर गाड्या एकदम विरळ होतात. दहा-दहा मिनिटं थांबावं लागतं, आणि बाहेर पडून बस धरायची असेल तर दोन प्रतीक्षांची बेरीज होते. मला हे खटकतं, कारण ही गाडी चालकाविना धावते. चालक असलेल्या रेल्वेत रात्रीच्या जादा फेरीसाठी जादा माणूस लागतो, त्याची पाळी, त्याची विश्रांती सांभाळावी लागते. ते समजू शकते. इथे गाडी संगणक सोडतो. वीज लागते, चाकं झिजतात, नियंत्रण कक्षात माणसं बसलेली असतात, हे मान्य. पण चालकाविना गाडीचा प्रवाशाला सगळ्यात मोठा फायदा कुठला असेल, तर गर्दी नसतानाही लहान गाड्या वरचेवर सोडता येणं. तोच आम्हाला मिळत नाही. कोपनहेगनची मेट्रो २००२ साली सुरू झाली, तीही चालकाविनाच, आणि आज ती चोवीस तास चालते. आम्हाला चोवीस तास नको. रात्री अकरापर्यंत पाच मिनिटांनी गाडी मिळाली तरी पुष्कळ झालं. (रुळांची तपासणी आणि डागडुजी बहुतेक ठिकाणी रात्री वीज बंद करूनच करावी लागते, त्यामुळे मध्यरात्रीनंतर सेवा बंद राहण्याबद्दल माझी तक्रार नाही.)

दारांचा विषय निघालाच आहे तर सांगते. गाड्या दीड-दोन मिनिटांच्या अंतराने धावत असताना एका दारात कुणी बॅग अडकवली आणि दहा सेकंद गेली, तर ती दहा सेकंद त्या गाडीपुरती राहत नाहीत. मागची गाडी स्थानकाबाहेर हळू होते, तिच्या मागचीही. एकदा माझ्या समोर उभ्या असलेल्या मुलीच्या बॅगेचा पट्टा दारात सापडला. ती घाबरून ओढायला लागली. फलाटावरचा सुरक्षारक्षक शांतपणे म्हणाला, “ताई, ओढू नका. सैल सोडा, दार आपोआप उघडेल.” खरंच उघडलं. दाराच्या कडेला काही जाडसर अडकलं की ते कळतं आणि दार पुन्हा उघडतं. पट्ट्यासारखी बारीक वस्तू मात्र कधीकधी कळतच नाही. या वेळी कळली, एवढंच. ओढणी, इअरफोनची वायर, छत्रीची दोरी दारापासून लांब ठेवा. आणि मोबाइल रुळांवर पडला तर खाली उतरायचा विचारही करू नका. बऱ्याच लाइट मेट्रोंमध्ये वीज डोक्यावरच्या तारेत नसते, रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळात असते. कर्मचाऱ्याला सांगायचं आणि वाट बघायची.

गर्दीबद्दल लोक विचारतात, ‘डबे का वाढवत नाहीत?’ उत्तर फलाटात आहे. फलाट जेवढा लांब, गाडी तेवढीच. पुलावरचं किंवा जमिनीखालचं स्थानक नंतर लांबवणं म्हणजे जवळपास नवं बांधणं. फ्रान्समधल्या लील शहरात १९८३ साली चालकाविना मेट्रो सुरू झाली. तिची गाडी जेमतेम २.०६ मीटर रुंद आणि २६ मीटर लांब, पण पहिल्या मार्गाचे फलाट तेव्हाच ५२ मीटरचे बांधून ठेवले होते. याला म्हणतात दूरदृष्टी. लंडनची डॉकलंड्स लाइट रेल्वे १९८७ साली १५ स्थानकं आणि ११ गाड्यांनिशी सुरू झाली. मग गर्दी वाढत गेली तशा गाड्या लांब झाल्या आणि स्थानकामागून स्थानक वाढवत न्यावं लागलं. तिथल्या कटी सार्क या जमिनीखालच्या स्थानकाचा फलाट अजून आखूडच आहे. गाडीची टोकाची दारं तिथे उघडतच नाहीत. आमच्याकडचे फलाट मी नुसत्या नजरेने मोजले. गाडीच्या पुढे-मागे फारशी जागा दिसत नाही. म्हणजे गर्दीवर इथेही एकच औषध, फेऱ्या.

आवाजाचा त्रास मला अपेक्षित नव्हता. रस्त्याच्या वळणानुसार मार्ग नेलेला असल्याने रुळांची वळणं तीव्र आहेत, आणि त्यातल्या दोन वळणांवर गाडी अक्षरशः किंचाळते. रेल्वेची दोन्ही चाकं एका आसाला घट्ट बसवलेली असतात. तीव्र वळणावर चाकं रुळाच्या दिशेने नीट वळू शकत नाहीत, आडवी घासत सरकतात. अडकणं, सुटणं, पुन्हा अडकणं असं सेकंदात शेकडो वेळा होतं आणि त्याचा तो कर्कश आवाज. रुळांना वंगण दिलं की कमी होतो. पावसातही कमी होतो, हे मी स्वतः ऐकलंय. फोनवर बोलत असाल तर त्या वळणांवर थांबा, समोरच्याला काही कळत नाही.

काही शहरांतल्या लाइट मेट्रोत दोन रुळांच्या मधोमध धातूची एक लांब पट्टी दिसते. ती सपाट पसरलेल्या विद्युत मोटरचा अर्धा भाग असते. उरलेला अर्धा गाडीच्या पोटात. गाडी त्या पट्टीच्या जोरावर पुढे ढकलली जाते, चाकांच्या पकडीवर अवलंबून राहत नाही, त्यामुळे तीव्र चढ जमतो. व्हँकुव्हरने १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने हे तंत्र घेतलं आणि तिथे ते वाढत गेलं, क्वालालंपूरमध्येही एक मोठा मार्ग त्यावर चालतो. टोरांटोच्या स्कार्बरो भागातला तसाच मार्ग १९८५ साली सुरू झाला. पण तो वाढला नाही, गाड्या जुन्या होत गेल्या, बर्फाने सतावलं, आणि २४ जुलै २०२३ रोजी एका गाडीचा शेवटचा डबा रुळावरून घसरल्यावर तो पुन्हा उघडलाच नाही. तो त्या वर्षअखेरीला बंद करायचं आधीच ठरलं होतं. प्रवाशांच्या नशिबी बस आली. शहराने कुठलं तंत्र निवडलं याच्याशी प्रवाशाला काय करायचंय, असं मलाही वाटायचं. पण एकाच छोट्या मार्गापुरतं आणलेलं तंत्र म्हातारं झालं की सुट्या भागांची वाट बघत फलाटावर प्रवासीच उभा असतो.

गमतीची गोष्ट म्हणजे सगळ्यात पुढची सीट. चालकाची केबिन नसल्याने समोरची काच मोकळी असते. शनिवार-रविवारी तिथे मुलांची झुंबड उडते, आणि इतर दिवशी टाय लावलेले काका तितक्याच आशेने तिकडे वळतात. मीही वळते. रूळ आपल्याखालून सरकताना बघायला कोणत्याही वयात मजा येते. बाजूच्या खिडक्यांचं मात्र वेगळं. मार्ग इमारतींच्या इतका जवळून जातो की दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या घरातला टीव्ही दिसतो. प्रवाशाला दोन सेकंदांची करमणूक, त्या घरातल्या माणसांना दिवसभराचा ताप. सिंगापूरच्या बुकित पंजांग लाइट रेल्वेत यावर नामी उपाय आहे: गाडी घरांजवळून जाऊ लागली की खिडक्यांच्या काचा आपोआप धूसर होतात. तो मार्ग १९९९ चा आहे. म्हणजे हे काही आज उद्या शोधून काढायचं तंत्र नाही.

आईला घेऊन जाते तेव्हा मात्र माझ्या गुणपत्रिकेचा रंग बदलतो. तिचे गुडघे दुखतात. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत, मधली फट अगदी कमी, त्यामुळे चढणं-उतरणं बसपेक्षा कितीतरी सोपं. व्हीलचेअर आणि बाबागाडीही सहज आत जाते. अडचण डब्यापर्यंत पोचण्याची आहे. स्थानक पुलावर, वर जायला लिफ्ट एकच, आणि ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. सरकता जिना फक्त वर नेतो. उतरताना पायऱ्याच, आणि गुडघेदुखीवाल्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं हे आराखडा काढणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. लिफ्ट बंद असेल तर ते स्थानकात पोचल्यावरच कळतं. ॲपवर गाडी किती मिनिटांत येईल ते दिसतं, लिफ्ट चालू आहे की नाही ते दिसत नाही. आई म्हणते, “तुझी मेट्रो चांगली आहे गं, पण ती जमिनीवर आण.”

दोन मार्ग जिथे मिळतात ते स्थानक नकाशावर एक ठिपका आहे. प्रत्यक्षात तो पाच-सहा मिनिटांचा चालण्याचा रस्ता आहे, मधे एक जिना आणि एक उघडा पूल. वेळेचा अंदाज बांधताना हे धरा. गाडी मधेच थांबली तर घाबरायचं कारण नाही; बहुतेक वेळा पुढच्या गाडीने स्थानक सोडलेलं नसतं, एवढंच. घोषणा मात्र लगेच होत नाही. चालक नाही म्हटल्यावर विचारायचं कोणाला, हा प्रश्न नव्या प्रवाशांना पडतोच. दाराजवळ बोलण्यासाठी बटण असतं, ते थेट नियंत्रण कक्षाला जोडलेलं असतं. मी एकदा वापरलं, डब्यात एक आजोबा चक्कर येऊन बसले होते तेव्हा. लगेच उत्तर मिळालं आणि पुढच्या स्थानकावर माणूस उभा होता. या एका बाबतीत पैकीच्या पैकी.

पास पुढच्या तिमाहीचाही काढलाय. स्कूटर विकायचा विचार होता, तो तूर्त रद्द. उशिरा सुटणार हे ठाऊक असेल त्या दिवशी सकाळी तिचीच किल्ली उचलते. रात्रीच्या फेऱ्या वाढल्या तर गिऱ्हाईक बघेन.