वाचनालयासाठी ‘कोहा’ : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गुहागर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात सुमारे नऊ हजार पुस्तके आहेत आणि त्यांची देवघेव गेल्या दहा महिन्यांपासून ‘कोहा’ या मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही विनामूल्य वापरता व बदलता येणाऱ्या, संगणक प्रणालीवर चालते. मी तेथे ग्रंथपाल आहे. त्याआधी बारा वर्षे आम्ही विकत घेतलेली प्रणाली वापरत होतो. ती पुरवणाऱ्याने व्यवसाय बंद केला, नव्या संगणकावर तिचा परवाना चालेना, आणि दाखल नोंदवही समोर ठेवून मी स्वतः टंकलेल्या नोंदी मलाच उघडता येईनात. वाचनालयाची सूची वाचनालयाच्या हाती नसणे म्हणजे काय, हे त्या महिन्यांत मला कळले.

कोहाचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील वाचनालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती, म्हणून त्यांनी नवी तयार करून घेतली, जानेवारी २००० मध्ये वापरात आणली आणि सर्वांसाठी खुली केली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट.

सर्वाधिक कष्ट जुन्या नोंदी आणण्यात गेले. गावातील एका अभियंता मुलाने जुन्या फाइलमधून मजकूर बाहेर काढला, परंतु तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, नव्हता. ठरावीक फाँट नसेल तर पडद्यावर केवळ रोमन अक्षरांची खिचडी दिसत असे. त्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकलेला होता, तर युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलट असतो. त्यामुळे नुसती अक्षरे बदलून भागत नव्हते, जागाही बदलाव्या लागत होत्या. आम्ही रूपांतराची सारणी केली आणि प्रत्येक नोंद पुस्तकाशी ताडून पाहिली. यात सात आठवडे गेले.

त्यानंतरही ‘कोकण’ हा शब्द शोधला तर एकही पुस्तक सापडेना. कोहा शोधासाठी ‘झेब्रा’ नावाचे इंजिन वापरते आणि देवनागरीसाठी त्यात आयसीयू ही निरनिराळ्या लिप्या हाताळणारी मांडणी निवडून सर्व नोंदींची शोधसूची पुन्हा करावी लागते. हे उत्तर कोहा वापरणाऱ्यांनी उघडपणे लिहून ठेवलेले होते. त्यासाठी कोणाची परवानगी किंवा वार्षिक करार लागला नाही. मुक्त प्रणालीचा मला जाणवलेला सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून तयार नोंदी घेता येतात, मात्र तेथील मराठी पुस्तकांच्या नोंदी बहुतेक रोमन लिपीत असल्याने शीर्षके आम्ही देवनागरीतच टंकतो.

प्रणाली वाचनालयातील संगणकावरच असल्यामुळे आषाढात इंटरनेट दोन-दोन दिवस बंद राहिले तरी देवघेव थांबली नाही. गणपतीत चाकरमानी आल्यावर एका सकाळी साठ पुस्तके गेली, तीही सहज नोंदवली गेली. रोज रात्री नोंदींची प्रत आपोआप तयार होते. जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर आठवणीत असल्याने ती आठवड्यातून एकदा उंचावरील एका सभासदाच्या घरी ठेवतो. अनुदानासाठी लागणारे अहवाल हवे त्या रकान्यांत काढता येतात, हेही महत्त्वाचे.

ही प्रणाली विनामूल्य मिळाली, पण विनाखर्च चालत नाही. यूपीएस घ्यावा लागला, आणि डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर ती बसवणे केवळ विंडोज वापरलेल्या माणसाला एकट्याने जमणारे नाही. देवघेवीच्या नियमांचा तक्ता मला दोन महिने अवघड वाटला. दर मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते. आम्ही वर्षातून एकदाच, पावसाळा संपल्यावर, बदल करायचे ठरवले आहे.

मागील महिन्यात दापोलीकडील एका वाचनालयाचे ग्रंथपाल येऊन गेले. त्यांना आमची रूपांतराची सारणी आणि अहवाल पेन ड्राइव्हवर दिले. आमच्या सारणीत ‘किनाऱ्यावर’ या शब्दाचे ‘किनार्यावर’ होत होते आणि ते माझ्या नजरेतून सुटले होते. त्यांनी ती चूक दुरुस्त करून आठवड्याभरात सारणी परत पाठवली, आणि आता आमच्या सूचीतही तो शब्द बरोबर दिसतो.