एलईडीला ओझोनचा वास येत नाही

यूव्ही (अतिनील) किरणांनी पक्क्या होणाऱ्या कोटिंगच्या नावाखाली आमच्या कारखान्याला सरळसरळ लुबाडलं. ७० टक्के रक्कम आगाऊ गेली, उरलेली ३० टक्के यंत्र पोचल्यावर. पदरात पडलं काय? ३९५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा एलईडी लॅम्प, १२० किलो निरुपयोगी कोटिंग आणि भंगारात गेलेलं ८०० मीटर चिकट राहिलेलं ईपीडीएम रबराचं सील.

कोटिंगचे फायदे खरे आहेत, म्हणूनच या लोकांचं फावतं. सॉल्व्हंट नाही, लांबलचक ओव्हन नाही, थर काही सेकंदांत पक्का, सीलचं घर्षण आणि कुरकुर कमी. त्यामुळे "चौकशी केली नव्हती का?" असं विचारू नका. केली होती. डेमोही पाहिला होता.

आणि डेमोतच सगळं समोर होतं! पेटीवर एलईडी लिहिलेलं, पण स्विच टाकल्यावर विक्रेत्याने पाच मिनिटं माहितीपत्रक उलगडण्यात घालवली. पेटीमागे जाड एक्झॉस्ट पाइप. आणि तो ओझोनचा नाकाला झोंबणारा वास. एलईडी स्विच टाकताच पूर्ण ताकदीने लागतो, त्याला तापावं लागत नाही. ओझोन तयार व्हायला साधारण २४० नॅनोमीटरच्या खालचे किरण लागतात, ते ३९५ च्या एलईडीतून निघतच नाहीत. डेमोच्या पेटीत मर्क्युरी लॅम्प होता, म्हणजे तापायला वेळ घेणारा पाऱ्याचा दिवा. नाकात तो वास भरलेला असताना सही झाली, याचा संताप अजून जात नाही.

कोटिंगही मर्क्युरी लॅम्पसाठीचंच. त्यातला १८४ क्रमांकाचा फोटोइनिशिएटर, म्हणजे किरण शोषून थर पक्का करायला सुरुवात करणारं रसायन, ३९५ ला जवळपास काहीच शोषत नाही. तिथे फॉस्फीन ऑक्साइड जातीचा लागतो. शिवाय हवेतला ऑक्सिजन वरचा थर पक्का होण्याची प्रक्रिया अडवतो. मर्क्युरीचे आखूड लहरींचे किरण ती कसर भरून काढतात, हा एलईडी ती भरून काढत नाही. लाइन मिनिटाला १० मीटरवरून ३ वर आणली तरी बोट चिकटतंच. मग विक्रेता म्हणे, रबरावर तेल आहे. साफ खोटं! मोल्ड रिलीज (साच्यातून रबर सुटायला लावलेलं द्रव्य) किंवा मेणाचा ब्लूम (रबरातून वर आलेला मेणाचा थर) असेल तर थर वाळतो आणि सोलून निघतो, चिकट राहत नाही. हे दोन वेगळे दोष आहेत, यात कुणाचं ऐकू नका.

लॅम्पची ताकद काचेलगतची विचारू नका, कामाच्या अंतरावरची लिहून घ्या. सांगितलेले १२ वॅट प्रति चौरस सेंटीमीटर ५० मिलिमीटरवर ३ सुद्धा भरले नाहीत. ती ताकद मोजायचा मीटरही ३९५ च्या पट्ट्याचाच हवा.

पोलिसांनी विचारलं, "दिवा लागतो का?" लागतो. "मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." ग्राहक आयोगात उत्तर मिळालं, खरेदी व्यवसायासाठी, तुम्ही ग्राहकच नाही. बँक म्हणते, पैसे तुमच्याच सहीने गेले. पेटीवर एक आणि आत दुसरं, याला फसवणूक म्हणत नसतील तर कशाला म्हणतात? चार महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद फिरतोय, किरणांच्या लहरीची लांबी म्हणजे काय हे समजून घ्यायची तसदी एकानेही घेतली नाही.

डेमो आपल्याच रबरावर, आपल्याच वेगाने घ्या. नमुना हाती देण्याआधी स्पिरिटने पुसू देऊ नका, पक्का न झालेला वरचा थर त्यात निघून जातो. थर घट्ट बसलाय का ते बघायला पट्टी दुप्पट ताणा, थरावर चौकटी कापून टेप लावून ओढा. पेटी उघडून लॅम्प बघा, फोटो काढा. आलेल्या कोटिंगचा एक डबा पुरावा म्हणून झाकणाचं सील न तोडता, लॉट क्रमांकासकट, उन्हापासून दूर ठेवा. आमच्याकडे तसा एकही उरला नव्हता.