रोमन शहरं बांधायचे चार गेम, आठ महिने आणि एक बाजारवाली

आधीच सांगतो, मी काही मोठा गेमर वगैरे नाही. रात्री जेवणं आटपली, ओटा आवरला की दीड-दोन तास, शनिवारी जरा जास्त, एवढंच. पण गेले आठ महिने रोमन काळातल्या सिटी बिल्डरशिवाय दुसरं काही उघडलेलंच नाही. सीझर थ्री, सीझर फोर, ग्रँड एजेस रोम आणि डिसेंबरच्या सुट्टीत घेतलेला ॲनो ११७. मधे आठवडाभर सिव्हसिटी रोमपण खेळून बघितला. ऑफिसमधला एकजण सारखा विचारतो की यातला कुठला घेऊ, त्याला तोंडी सांगून कंटाळलो म्हणून हे लिहितोय.

सुरुवात सीझर थ्रीपासूनच करावी लागणार. १९९८ चा गेम, इम्प्रेशन्स गेम्सने केलेला, सिएराने काढलेला. कॉलेजात असताना मित्राच्या पीसीवर बघितला होता, तेव्हा माझी मजल तंबूंच्या पुढे गेलीच नव्हती, शहर जळायचं नाहीतर कर्ज व्हायचं. आता जीओजी या जुने गेम विकणाऱ्या साइटवर सेलमध्ये अगदी किरकोळ पैशात मिळाला. दिसायला जुनाच आहे, तिरका मॅप, कॅमेरा आपल्याला हवा तसा फिरवता येत नाही. पण या गेमची सगळी मजा एका गोष्टीत आहे आणि ती म्हणजे माणसं पायी चालतात. बाकी सगळं मग त्यातनंच येतं.

म्हणजे कसं, की तुम्ही बाजार बांधला म्हणून शेजारच्या घरांना धान्य मिळत नाही. बाजारातनं एक बाई ग्रॅनरीकडे म्हणजे धान्याच्या कोठाराकडे जाते, तिच्या मागे टोपल्या घेतलेली पोरं एका रांगेत चालतात, ती माल घेऊन येते, आणि मग दुसरी बाई तो माल वाटायला निघते. ही दुसरी बाई ज्या घरांवरनं जाईल त्यांनाच मिळणार. आणि ती कुठे जाणार हे तिचं तिलाच माहीत, चौक आला की मनाला येईल तिकडे वळते. तिची फेरी संपली की घरी जायला मात्र सगळ्यात जवळचा रस्ता धरते. डॉक्टर, शाळेतली पोरं, पुजारी, नट, न्हावी, सगळ्यांचं असंच. त्यामुळे शहर आखताना आपण इमारती बांधतोय असं वाटतं पण खरं म्हणजे आपण रस्ते बांधतोय, आणि जेवढे चौक जास्त तेवढा घोळ जास्त.

मला हे कळायला लुग्दुनम लागलं, म्हणजे आजचं फ्रान्समधलं ल्योन. सगळं छान चाललेलं, घरं सुधारत सुधारत इन्सुला म्हणजे मोठ्या चाळी झाल्या होत्या, वरच्या अंगाला दोन-चार व्हिला पण उभे राहिले होते, मी आपला खुशीत. शहरात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्याला एक छोटा बोळ काढला, वेअरहाऊसला जायला जवळ पडेल म्हणून. बस्स. बाजारवाली त्या बोळात शिरायला लागली. एकदा गेली, दोनदा गेली, तिकडे एक घर नाही, नुसती मातीची खाण आणि कुंभाराचे कारखाने. इकडे घरातली मडकी संपली. मडकी संपली की इन्सुला खाली उतरून कासा, म्हणजे एक पायरी खालचं घर होते, कासामध्ये माणसं कमी मावतात, जास्तीची माणसं बोचकी घेऊन गावाबाहेर. माणसं गेली म्हणजे कामगार कमी, कामगार कमी म्हणजे आग विझवणाऱ्या प्रीफेक्टची चौकी अर्धी रिकामी, आणि चौकी रिकामी म्हणजे आग. मी तोवर ॲक्वाडक्टची, म्हणजे पाणी आणणाऱ्या कालव्याची कमान नदीपाशी नीट बसत नाहीये म्हणून तिकडे खाटखुट करत बसलेलो. वर बघतो तर पश्चिमेचा अख्खा मोहल्ला पेटलेला. एका बोळामुळे! हसू पण आलं आणि रडू पण आलं. तो सेव्ह मी अजून ठेवलाय.

जाता जाता सांगतो, हा प्रीफेक्ट गेममध्ये आग पण विझवतो आणि चोरांच्या मागे पण पळतो, मला वाटायचं की पात्रं वाचवायला त्यांनी दोन कामं एकालाच दिली असतील. पण खऱ्या रोममध्ये तसंच होतं. ऑगस्टसने इसवी सन ६ मध्ये विजिलेस नावाचं दल उभं केलं, सात तुकड्या, रात्रीची गस्त आणि आग दोन्ही त्यांच्याकडे. आणि इमारत कोसळू नये म्हणून फिरणारा इंजिनिअर आहे ना, तोही उगीच नाही. रोममधल्या या इन्सुला म्हणजे भाड्याच्या चाळीच होत्या, मजल्यावर मजले चढवलेल्या, शेवटी ऑगस्टसला ७० फुटांची मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवते त्याचीच आठवण येते मला इंजिनिअर फिरताना दिसला की.

त्या बाजारवालीवर उपाय आहे. मूळ गेममध्ये लोक वेशीचा दरवाजा वापरायचे, कारण असे भटकणारे लोक दरवाजातनं पलीकडे जात नाहीत, पण कामाला निघालेले जातात. म्हणून बिनतटाच्या गावात मधेच एखादा दरवाजा उभा, दिसायला अगदी येडपट, पण चालतं. आता मात्र हौशी लोकांनी बनवलेली दोन ओपन सोर्स इंजिनं आहेत, ज्युलियस आणि ऑगस्टस. ज्युलियस म्हणजे जुना गेम होता तसाच, फक्त नव्या कॉम्प्युटरवर नीट चालणारा. ऑगस्टस त्याच्यातनंच निघालंय आणि त्यात भटक्यांना अडवायला रस्त्यावर नाका लावता येतो, झूम होतं, मोठी देवळं आहेत, शिवाय कामगार सगळ्या गावाला एकत्र करायचा पर्याय आहे. मूळ गेमच्या फाइल्स तुमच्याकडे असाव्या लागतात, त्या फोल्डरमध्ये हे टाकायचं, पाच मिनिटांचं काम. मी नाके वापरतो, पण कामगारांचा पर्याय बंद ठेवतो. कारण मूळ गेममध्ये शेत लांब असलं की तिथला माणूस मजूर शोधायला निघतो आणि त्याच्या वाटेत घरंच नसली तर शेत ओसाड पडतं, म्हणून शेताच्या कडेला दोन-तीन तंबू मुद्दाम ठेवायचे असतात. ती वस्ती कधी सुधारत नाही, सुधारू द्यायचीच नसते. वाईट वाटतं थोडं, पण आपल्या शहरांच्या कडेला बघितलं तर काय वेगळं आहे.

देवांचं पण सांगायलाच पाहिजे. पाच देव, सेरेस, नेपच्यून, मर्क्युरी, मार्स आणि व्हीनस, आणि पाचांचे पाच रुसवे. सेरेस रागावली की पीक जातं, मर्क्युरी चिडला की गोदामातला माल गायब, नेपच्यूनकडे लक्ष दिलं नाही तर जहाजं बुडतात. मी कोल्हापूरचा, लहानपणी टाऊन हॉल म्युझियममध्ये शाळेची सहल जायची, तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा नेपच्यूनच. तेव्हा बाई सांगत होत्या आणि आमचं सगळं लक्ष डब्याकडे. आता सगळी जहाजं बुडाल्यावर ती मूर्ती आठवली, म्हटलं हा देव आपल्या पंचगंगेकाठी येऊन राहिला आणि मी त्याला एक देऊळ बांधायला विसरलो.

पैशाचं म्हणाल तर कर्ज पाच हजार दिनारांपर्यंत चालतं, त्याच्या पुढे खर्च बंद. सम्राटाची मर्जी पार गेली की तो सरळ सैन्य पाठवतो. स्वतःचा पगार साठवून त्याला भेटवस्तू पाठवता येतात, हे मला चौथ्या महिन्यात कळलं, तोवर बिनपगारी राबत होतो म्हणा ना.

आता सीझर फोर. २००६ चा, टिल्टेड मिलचा, थ्रीडी. यात लोकांचे तीन वर्ग वेगळे आहेत, प्लेब, इक्वाइट आणि पॅट्रिशियन, आणि प्रत्येकाला वेगळी घरं आपण बांधून द्यायची. प्लेब शेतात आणि कारखान्यात, इक्वाइट जरा पांढरपेशी कामाला, आणि पॅट्रिशियन काहीच करत नाहीत पण कर त्यांच्याकडनं येतो. बाजार पण तीन, अन्नाचा, रोजच्या वस्तूंचा आणि चैनीचा, आणि लोक स्वतः जाऊन आणतात. वाईट नाहीये, दोन महिने मी नेटाने खेळलो. पण सीझर थ्रीमध्ये एकाच जागेवरचा तंबू, मग झोपडी, मग कासा, इन्सुला असं चढत चढत व्हिला होतो आणि पहिल्यांदा तिथे दारू पोचल्यावर डोळ्यासमोर घर बदलतं ना, त्याचं जे काही होतं मनात ते इथे नाही. इथे प्लेब तो प्लेबच राहणार. घर सुधारतं, वर्ग नाही. इतिहासाला धरून तेच जास्त खरं असेल कदाचित, खेळायला मात्र कोरडं वाटतं.

सिव्हसिटी रोमबद्दल फार नाही सांगत. त्यात घरावर क्लिक केलं की छप्पर उघडतं आणि आतली माणसं दिसतात, माझ्या भाचीला तेवढंच आवडलं, ती अर्धा तास एकाच घरात डोकावत बसली. मला आठवड्यात पुरे झालं.

ग्रँड एजेस रोम २००९ चा, हेमिमॉन्टचा, हे बल्गेरियातले लोक, त्याच वर्षी त्यांचा ट्रॉपिको थ्री पण आला होता. इथे सगळं वर्तुळावर चालतं. इमारत उचलली की भोवती गोल दिसतो, गोलात घर आलं की सोय पोचली, विषय संपला. धान्य साठत नाही, वाहून न्यायचं नाही, नुसता हिशोब, इतकं पिकतंय, इतकं लागतंय, इतकं शिल्लक. सुरुवातीला फार बरं वाटतं कारण डोक्याला ताप नाही, शहर झपाझप वाढतं, झूम करून बघितलं तर त्या काळच्या मानाने फार देखणं दिसतं. पाच घराण्यांतलं एक निवडायचं, ज्युली, फ्लेवी वगैरे, त्याप्रमाणे गुण मिळत जातात, तेही छान. पण तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मी रस्त्याकडे बघतच नाहीये. रस्त्यावर माणसं आहेत, चालतायत, पण ती चालली काय आणि नाही चालली काय, शहराला काही फरक नाही. सजावट आहे ती. मग मी वर्तुळं जुळवायचं कोडं सोडवतोय असं वाटायला लागलं. लढाया आहेत, त्यात मला गोडी नाही. ज्याला रोज अर्धाच तास मिळतो त्याने मात्र हाच घ्यावा, खरंच सांगतो.

आणि मग ॲनो ११७. नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, युबिसॉफ्टचा. ११७ हे साल म्हणजे ट्रेजन गेला आणि हेड्रियन सम्राट झाला ते. माझ्या लॅपटॉपवर सेटिंग पार खाली आणून चालवतोय, पंखा असा घोंघावतो की आई आतल्या खोलीतनं विचारते मिक्सर चालू आहे का. तरीसुद्धा दिसायला काय गेम आहे! लॅटियमचा (म्हणजे रोमच्या मुलखाचा) समुद्र, पांढरे कठडे, तिरके रस्ते (ॲनोमध्ये ४५ अंशात रस्ते पहिल्यांदाच आलेत), मी पहिले दोन दिवस नुसतं बंदर सजवत होतो. लोकांच्या गरजांतपण निवड आहे, सगळंच दिलं पाहिजे असं नाही. सुरुवातीच्या लोकांना सार्डिन आणि ओटची पेज लागते. सार्डिन म्हणजे आपली तारली, पेज आणि तारली, अहो हे तर कोकणातलं जेवण झालं. पुढे गारम लागतं, मासे मुरवून केलेलं ते रोमन लोकांचं कालवण-चटणी जे काय म्हणाल ते. दुसरा प्रांत अल्बियन, म्हणजे ब्रिटन, तिथे दलदल आणि केल्ट लोक, त्यांना रोमन करायचं की त्यांच्या रीतीने राहू द्यायचं हे आपण ठरवायचं. ही निवड मला आवडली, मी दोन्ही करून बघितलं आणि केल्ट ठेवलेलं बेट मला जास्त जवळचं वाटलं.

पण ॲनोमध्ये बेटावरचा माल कुठल्याही एका गोदामात पोचला की तो सगळ्या बेटाचा होतो. या टोकाला मासे उतरवले की त्या टोकाच्या घरात लगेच. म्हणजे बाजारवाली नाहीच. तिथे खरी गंमत समुद्रावर आहे, कुठलं बेट काय पिकवतं, कुठलं जहाज काय नेतं, एक जहाज रिकामं परत येतंय ते कसं भरायचं. ते जमलं की फार समाधान मिळतं, नाही म्हणणार नाही. व्यापाराची आवड असणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा. फक्त एवढं की सगळं घड्याळासारखं चालतं आणि बिघडलं तर का बिघडलं ते पॅनेलवर आकड्यात लिहून येतं. सीझर थ्रीमध्ये मला माणसाच्या मागे मागे जाऊन बघावं लागतं. एखाद्यावर क्लिक केलं की तो तक्रार सांगतो, काम नाही, खायला नाही, देव नाराज आहेत, आणि त्यावरनं आपण ओळखायचं.

त्या ऑफिसातल्या मित्राला शेवटी मी ग्रँड एजेस सांगितला कारण त्याला जुळी मुलं आहेत. पैसे आणि चांगलं मशीन असेल तर ॲनो. माझ्याकडे सध्या दोनच ठेवलेत, ॲनो शनिवारी आणि बाकी रात्री सीझर थ्री. आता लोंडिनियमला, म्हणजे आजच्या लंडनला पोचलोय, ऑलिव्हचं तेल बाहेरनं विकत आणावं लागतंय, आणि पूर्वेच्या कोपऱ्यातल्या चार इन्सुलांना ते काही केल्या पोचत नाहीये. काल तासभर त्या बाईच्या मागे फिरलो. थिएटरपाशी येते, थांबल्यासारखी करते आणि डावीकडे वळते. आज नाका एक घर मागे सरकवून बघतो.